जमिनीवरील उड्डाण : वैमानिकांच्या शिक्षणाविषयी चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. वक्त्यांनी ते स्मरणिकेसाठी स्वतःच लिहून दिले आहे.)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर आजवर कीर्तनकार आले, वकील आले, प्राध्यापक आले. विमान चालविणारा मनुष्य बहुधा आज प्रथमच उभा राहत असावा. मी वक्ता नव्हे. माझ्या व्यवसायात जो थोडे आणि नेमके बोलतो तोच शहाणा समजला जातो. उमेदीची वर्षे मी प्रवासी विमाने चालविण्यात आणि उत्तरार्ध नव्या वैमानिकांना शिकविण्यात घालविला. चिटणीसांच्या आग्रहास्तव त्या शिकविण्याविषयीच चार शब्द सांगणार आहे. भाषेत काही उणे आढळल्यास आपण पदरात घ्यावे, ही विनंती.

गेल्या वर्षी याच मेळाव्यात भोजनाच्या पंक्तीला माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा वैमानिक होऊ पाहत होता. ते मला म्हणाले, “मुलगा सांगतो की, मोठ्या विमानाचे जवळजवळ सगळे शिक्षण एका खोलीतल्या यंत्रात होते. ते यंत्र जागचे हालत नाही. काही वैमानिक तर खऱ्या विमानात प्रथम बसतात तेव्हा पाठीमागे उतारूही बसलेले असतात. हे खरे का? आणि खरे असेल, तर हे शिक्षण म्हणायचे की थट्टा? पाण्यात पडल्यावाचून कधी कोणाला पोहता आले आहे काय?”

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, पण मठ्ठ्याची वाटी संपेपर्यंत त्याचे उत्तर देणे मला साधले नाही. ते आज देतो.

प्रथम त्या म्हणीविषयी. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही हे खरेच. परंतु आपल्यापैकी जे खेड्यात वाढले त्यांनी आठवून पाहावे. आपल्याला विहिरीत ढकलले तेव्हा कमरेला काय बांधले होते? सुकट भोपळा बांधला होता. वडीलधारे काठावर उभे होते. आपण नाकातोंडात पाणी घेतले, हातपाय झाडले, पण बुडालो नाही. त्या भोपळ्याला कोणी थट्टा म्हटले नाही. ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, ते सिम्युलेटर नावाचे यंत्र म्हणजे वैमानिकाचा भोपळा होय.

या यंत्राचा इतिहास विमानाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ जातीच्या विमानासाठी एक शिक्षणयंत्र केले होते. अर्धी कापलेली दोन पिंपे एकावर एक ठेवलेली, वरच्या पिंपात विद्यार्थी बसलेला आणि बाहेरून माणसे ते पिंप हाताने कलवीत आहेत, असा तो थाट होता. त्याला पुढे खरे रूप दिले ते अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणाने. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. मुलाला विमानाचा नाद होता, पण शिकवणीचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. त्याने कारखान्यातील भाते आणि हवेचे पंप घेऊन एक लहानशी पेटी तयार केली. आपल्या संगीत नाटकाच्या पेटीला सूर देणारा भाता असतो, त्याच जातीच्या भात्यांवर लिंकचे हे विमान डोलू लागले. १९२९ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला. परंतु वैमानिकांनी त्याच्याकडे खेळणे म्हणूनच पाहिले, आणि आरंभीची काही यंत्रे जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांना विकावी लागली.

पुढे १९३४ साली अमेरिकेत विमानटपालीचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून एकाएकी लष्करी वैमानिकांकडे देण्यात आले. दिवस हिवाळ्याचे होते. धुक्यात आणि रात्री, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची त्या शूर तरुणांना सवय नव्हती, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांच्यापैकी कित्येक प्राणास मुकले. तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली. ज्या दिवशी भेट ठरली त्या दिवशी हवा इतकी वाईट होती की, लिंक येईल असे अधिकाऱ्यांना वाटेना. परंतु तो त्याच धुक्यातून स्वतः विमान चालवीत आला आणि सुखरूप उतरला. लष्कराने सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात याच निळ्या पेटीत लक्षावधी वैमानिकांनी अंधारात उडण्याचे पहिले धडे गिरविले. १९४८ साली एका मोठ्या अमेरिकन विमानकंपनीने संपूर्ण प्रवासी विमानाच्या कॉकपिटची प्रतिकृती असलेले विजेचे यंत्र बसविले, आणि प्रवासी वाहतुकीत या विद्येचा प्रवेश झाला.

आजचे यंत्र त्या पेटीचा पणतू शोभावे असे आहे. मोठ्या दालनात सहा लांब पायांवर एक पांढरी खोली उभी असते. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे लांब वा आखूड होतो. पूर्वी हे काम तेलाच्या दाबाने होई, अलीकडे बहुधा विजेने होते. सहा पायांची ही रचना मूळची टायरची परीक्षा करण्यासाठी इंग्लंडात गॉफ नावाच्या इंजिनियराने वापरली होती. १९६५ साली स्ट्युअर्ट यांनी उड्डाणशिक्षणासाठी तशी रचना सुचविली. खोलीच्या आत शिरले की मात्र आपण खऱ्या विमानाच्या कॉकपिटात असतो. तीच आसने, त्याच कळा, तीच घड्याळे. काचेपलीकडे धावपट्टीचे दिवे दिसतात. ते एका वक्र आरशातून अशा रीतीने दाखविले जातात की, दोघाही वैमानिकांना ते मैलावर असल्याप्रमाणे भासावेत.

आपण विचाराल की, खोली जागची हालत नाही, तर वेगाची जाणीव कशी होते? यातील युक्ती मोठी मौजेची आहे. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा आपली पाठ आसनात दाबली जाते. यंत्र काय करते? प्रथम पुढे एक लहानसा हिसका देते आणि मग सगळी खोली हळूच मागे कलविते. बाहेरचे दृश्य मात्र सपाटच ठेवते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच आता आपली पाठ आसनात दाबू लागते. आपल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय कलणे आणि वेग घेणे यांतील भेद ओळखू शकत नाही. डोळा म्हणतो आपण धावत आहोत, पाठ म्हणते आपण धावत आहोत, आणि मन मान डोलवते. मी दोन दोन दशके विमाने चालविलेल्या कप्तानांचे तळहात त्या खोलीत घामाने भिजलेले पाहिले आहेत.

आता मुख्य प्रश्न. हे सारे कशासाठी? खरे विमान असताना खोटे का?

याचे उत्तर दुःखद अनुभवाने दिले आहे. पूर्वी इंजिन बंद पडल्याचा सराव खऱ्या विमानातच करीत. ३० मार्च १९६७ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ चार इंजिनांचे एक डीसी-८ विमान अशाच सरावासाठी रात्री उडाले. त्यात एकही उतारू नव्हता. दोन इंजिने मुद्दाम मंद करून उतरण्याचा अभ्यास चालू असता विमान ताब्याबाहेर गेले आणि घरांवर व एका मोटेलवर कोसळले. १९ माणसे मेली. विमानातील सहा, बाकीची जमिनीवरची, आणि त्यांत सहलीस आलेल्या शाळकरी मुली होत्या. आपल्या देशातही ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर एक बोइंग ७३७ विमान सरावाच्या उड्डाणात होते. इंजिन बंद पडल्याचा अभ्यास करताना शिकाऊ वैमानिकाने उलट बाजूचे पायडल दाबले. विमान जमिनीवर उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर आदळले आणि एकूण नऊ जीव गेले. विद्यार्थ्याने पाय चुकीचा टाकावा, हे विद्यार्थीपणाचे लक्षणच आहे. परंतु त्या चुकीला नऊ प्राणांचे मोल पडावे, हे कोणत्या न्यायाने?

यंत्रात तीच चूक घडली तर चित्र थांबते, दिवे लागतात, आणि शिक्षक म्हणतो, “पुन्हा करू.” निमिषात विमान धावपट्टीच्या टोकाशी परत उभे असते. इंधन जळत नाही, रबर झिजत नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या घरी तार जात नाही. खऱ्या विमानात वैमानिकाच्या संबंध आयुष्यात कदाचित एकदाही उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पडणार नाही. यंत्रात ते एका सकाळी सहा वेळा पडते. धावताना एक वेग असा असतो की, त्याच्या आत थांबता येते आणि तो ओलांडल्यावर थांबणे म्हणजे नाश. मग एका इंजिनावर का होईना, उडालेच पाहिजे. त्या वेगाला आम्ही ‘व्ही-वन’ म्हणतो. शिक्षक नेमके त्याच क्षणी इंजिन बंद करतो. हात विचाराच्या आधी योग्य जागी जाईपर्यंत हा पाठ चालतो. आपल्या तालमीत मल्लखांब असतो तो याचसाठी. लाकडी मल्ल उलटून डाव टाकीत नाही हे खरे, पण त्याच्यावर घोटलेले अंग खऱ्या मल्लासमोर फसत नाही. या परीक्षेतून एकदा सुटलो म्हणजे जन्माचे सुटलो असेही नाही. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला दर सहा महिन्यांनी त्या खोलीत जाऊन पुन्हा उत्तीर्ण व्हावे लागते. डॉक्टर, वकील, शिक्षक यांपैकी कोणाला आपली पदवी वर्षातून दोनदा पणाला लावावी लागते?

मुंबईकरांना एक दुर्घटना विसरता येणार नाही. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझहून दुबईस निघालेले ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कप्तानासमोरील क्षितिजदर्शक उपकरण विमान उजवीकडे कलल्याचे खोटेच दाखवू लागले. म्हणून कप्तान विमान डावीकडे कलवीत गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. खरे क्षितिज कोठेच नव्हते. दुसरी उपकरणे समोर होती. परंतु एक उपकरण खोटे बोलते आहे आणि दुसरे खरे, हे काही क्षणांत ओळखून त्यावर विश्वास टाकावयास मन आधीच तयार झालेले असावे लागते. आज यंत्रात शिक्षक नेमके हेच करतो. काळोख्या रात्री समुद्रावर नेतो आणि तुमच्या समोरचे एक उपकरण खोटे करतो. वांद्र्याच्या किनाऱ्यावर गेलो की मला त्या पाठाची आठवण होते.

येथवर मी यंत्राची स्तुती केली. आता त्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर माझी साक्ष एकतर्फी होईल.

यंत्राला जेवढे शिकविले आहे तेवढेच ते शिकवू शकते. त्याच्या पोटातील सारे आकडे खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांतून आलेले असतात. जेथे चाचणी झाली नाही तेथे यंत्र अंदाजाने बोलते, आणि विद्यार्थी त्याला वेदवाक्य मानतो. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका एअरबस विमानाची शेपटी हवेतच तुटली. विमानातील व जमिनीवरील मिळून २६५ माणसे गेली. पुढे गेलेल्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने सुकाणूची पायडले आलटून पालटून जोराने दाबली होती. त्या विमानाचे सुकाणू फार हलक्या दाबाने वळणारे होते, हे एक कारण निघाले. आणि शिक्षणक्रमातही दोष सापडला. त्यातील एका पाठात यंत्राची रचना अशी केली होती की, विमान आरंभी दाद देऊ नये. म्हणजे जोर लावल्यावाचून भागत नाही अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात यंत्रानेच रुजविण्याचा धोका होता. चुकीचे पाठांतर अज्ञानापेक्षा वाईट, ते असे.

२००९ साली बफेलोजवळ ५० आणि अटलांटिक महासागरावर २२८ माणसे दगावली. दोन्ही ठिकाणी विमानाच्या पंखांनी हवेचा आधार सोडला होता, आणि नाक खाली करावयाचे सोडून ते वर ओढले गेले. तोवर यंत्रात या अवस्थेच्या उंबरठ्यापर्यंतच नेत असत. आत नेत नसत, कारण आतले ज्ञान यंत्राला पुरेसे नव्हते. त्यानंतर यंत्रे सुधारली, नियम बदलले आणि अमेरिकेत २०१९ पासून पूर्ण अवस्थेचा पाठ सक्तीचा झाला.

त्याच २००९ सालच्या १५ जानेवारीला न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान हडसन नदीत उतरविण्यात आले आणि १५५ जीव वाचले. पुढे तपासात यंत्रावर तो प्रसंग पुनःपुन्हा उभा केला. पक्षी आदळताक्षणीच वळले तर विमानतळावर परतणे साधत होते. परंतु काय घडले हे समजून निर्णय घेण्यास माणसाला वेळ लागतो, म्हणून ३५ सेकंद थांबून वळवून पाहिले, तेव्हा ते साधले नाही. यंत्रात बसलेल्याला पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. आकाशातल्याला ते ठाऊक नसते. हे अंतर कोणतेही यंत्र पुसू शकत नाही.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. ती सांगताना मला थोडा संकोच होतो, कारण ती माझ्या स्वतःच्या नापास होण्याची आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी सहामाही परीक्षा होती. मी तेव्हा ज्येष्ठ कप्तान होतो, आणि ज्येष्ठतेचा दर्प मला होता. शेजारी सहवैमानिक म्हणून एक कोवळा मुलगा होता. पहिल्या तासात त्याने माझी एक क्षुल्लक चूक दाखविली. मी त्याला म्हणालो, “मी विमान चालवतो आहे; विचारीन तेव्हा सांग.” तो गप्प बसला. पुढे रात्रीचे उतरणे आले. हवेचा दाब ९९९ लावावयाचा होता. मी १००९ लावला. त्यामुळे घड्याळ दाखवी त्याहून आम्ही सुमारे ३०० फूट खाली होतो. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे उपकरण शिक्षकांनी मुद्दाम बंद ठेवले होते. धावपट्टीच्या अलीकडे एक टेकडी होती. चित्र थांबले. खोलीतले दिवे लागले.

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तो मुलगा खाली मान घालून म्हणाला, “सर, आकडा चुकलेला मला दिसला होता. पण मघाशी तुम्ही...”

वाक्य त्याने पुरे केले नाही आणि त्याची गरजही नव्हती. त्या दिवशी मी अनुत्तीर्ण झालो. परीक्षा पुन्हा द्यावी लागली. परंतु मला झोप लागली नाही ती नापास झाल्यामुळे नव्हे. ते यंत्र नसते, तर आमच्या पाठीमागे दीडशे माणसे बसलेली असती, आणि त्यांना वाचविणारे वाक्य त्या मुलाच्या ओठांवर येऊन परत गेले असते, या विचाराने.

हा माझ्या एकट्याचा दोष नव्हता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाचे कप्तान त्यांच्या कंपनीत शिक्षकांचे प्रमुख होते. परवानगी नसता ते निघाले. मागे बसलेल्या इंजिनियराने शंका काढली होती, पण ती झिडकारली गेली. यंत्रात शिकविताना परवानगी देणाराही शिक्षक स्वतःच असतो, ही सवय त्यांना अंगवळणी पडली असेल काय, अशीही शंका पुढे तपासात बोलून दाखविली गेली. अशा दुर्घटनांनंतर, १९८० च्या सुमारापासून, यंत्रात केवळ हाताचे शिक्षण देणे थांबले आणि एकत्र वागण्याचे शिक्षण सुरू झाले. धाकट्याने स्पष्ट बोलावे आणि थोरल्याने ऐकावे, याचाही आता पाठ असतो आणि त्यालाही गुण असतात.

आपल्या घरांतून ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ असे आपण मुलांना शिकवितो. त्यामागील आदर मला प्रिय आहे, पण त्याचा अर्थ मौन असा होऊ नये. मी शिक्षक झालो तेव्हापासून प्रत्येक तुकडीला प्रथम ही टेकडीची गोष्ट सांगत आलो. ती ऐकली की मुलांची भीती जाते. ज्याला शिकवणाऱ्याचीही चूक ठाऊक आहे तो आपली चूक लपवीत नाही.

म्हणून त्या गृहस्थांना, आणि ज्यांची मुलेमुली या मार्गाने जाऊ पाहतात त्या सर्व पालकांना, माझे सांगणे एवढेच. शिक्षणाचा खर्च मोठा आहे. कर्ज काढण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि शिक्षणसंस्थेची नीट चौकशी करा. परंतु यंत्राची शंका बाळगू नका. मुलगा घरी येऊन म्हणाला, “आज मी विमान पाडले,” तर त्याला रागावू नका. कोठे पाडले, कसे पाडले, पुढे काय शिकलास, हे विचारा. मुलगी म्हणाली, “आज मी कप्तानांना चूक दाखविली,” तर तिला शाबासकी द्या. जगात पडण्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली जागा फार थोड्यांना मिळते. संसारात, व्यापारात, समाजकार्यात आपण सगळे पहिल्याच प्रयत्नात खऱ्या विमानात बसलेलो असतो.

कमरेचा भोपळा एक दिवस सोडावाच लागतो. काठावरचे वडीलधारेही कायमचे उभे राहत नाहीत. परंतु भोपळा बांधून जो मनसोक्त बुचकळ्या खाऊन आला आहे, तो खोल पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना झोप लागते. रात्री आपल्या घरावरून एखादे विमान दिवे लुकलुकत जाईल तेव्हा एवढे आठवावे की, आत बसलेले दोघे जण जमिनीवरच्या एका खोलीत अनेकदा पडून, आणि प्रत्येक वेळी उठून, तेथे पोचले आहेत.